उभ्या गाडीत बॅटरी भरत नाही

माधवगंज, लश्कर,
ग्वाल्हेर
मार्च २००१

प्रिय शामल,

तुझं पत्र विजयाबाईंनी आणून दिलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं असं तुझ्या सासूबाई, सुधाताई, म्हणतात; सातवा सरला की निघतेस; मुरारच्या क्वार्टरमधली माझी खिडकीकडची खोली झाडून ठेव, असं तू लिहिलंस. वाचलं आणि गादीखाली ठेवून दिलं. उत्तराला उशीर झाला, त्याचा राग मानू नकोस. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, ते तर तुला माहीतच आहे. आधी इकडची खबर ऐक, मग खोलीचं बघू.

मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हा जावईबापूंना रायपूर मिळालं आणि तुझ्या आबांना मिळालं घरी बसणं. महामंडळालाच टाळं लागलं. ज्या ट्रॉलीतून जन्मभर जनावरांच्या लसी ओढल्या, तीच ट्रॉली लिलावात घेऊन आले, इथवर तुला ठाऊक आहे. आत फ्रिज, एक लांब बाकडं आणि वर पंखा. मी म्हटलं, लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, तुम्ही भंगार घेऊन आलात. तर हसून म्हणे, सरकार, यातून तुमच्या हातचं श्रीखंड विकू. आता आपल्या जुन्या जीपच्या मागे ती जोडून बाजार-बाजार फिरतो. इकडची माणसं श्रीखंडाला खट्टी रबडी म्हणतात. म्हणू देत, वाटी चाटून पुसून परत देतात ना.

पण त्या फ्रिजनं माझा जीव खाल्ला. ट्रॉलीला तिची वेगळी बॅटरी आहे. जीप चालते तोवर डायनेमोवरून वायरीनं ती भरत राहते आणि फ्रिजही चालतो. जीप थांबली की फ्रिज त्या बॅटरीवर जगतो. मध्ये एक कटआउट आहे, तो जीपची बॅटरी वेगळी तोडून ठेवतो, नाहीतर फ्रिज तीसुद्धा पिऊन टाकेल. तो कटआउट सारखा टक टक वाजायचा. मी म्हटलं, काढा ती कटकट, वायर सरळ जोडा. आबा माझ्यापुढे कधी बोललेत? जोडली. दतियाच्या अलीकडे जेवायला थांबलो, आबांना डुलकी लागली, उठून बघतात तर जीप ठार. रस्त्यावरची माणसं आली धक्का मारायला. एक मेला मला म्हणाला, अम्मा, आप तो उतर जाओ, आधा वजन तो आपही हो. आबा खो खो हसले. तेव्हा मीही हसले, शामल, फार दिवसांनी.

कटआउट परत बसवला. पातळ वायरीत अर्धा करंट वाटेतच मरायचा म्हणून जाड वायर घातली. निघायच्या आदल्या दिवशी विजयाबाईंच्या प्लगवर फ्रिज गार करून घेतो, म्हणजे रस्त्यात त्याला नुसतं गार राहायचं असतं. दार उघडू देत नाही मी कुणाला, आबांनाही नाही. एवढं करूनही बॅटरी दोघांना पुरत नाही. उकाडा सुरू झालाय. रात्री पंखा लावला की सकाळी फ्रिज कण्हतो आणि चक्का आंबतो. फ्रिज ठेवला की आबा घामानं भिजून उठून बसतात. दह्याला गारवा द्यायचा की माणसाला वारा, हे रोज संध्याकाळी मलाच ठरवावं लागतं.

मेळ्यात उषाताई भेटल्या, सुधाताईंची बहीण. भेटल्या म्हणजे मी पकडली गेले. सकाळी ट्रॉलीच्या मागे दोरीवर माझं लुगडं वाळत होतं, आबा दाढी करत होते, मी स्टोव्हवर चहा ठेवत होते. त्या म्हणाल्या, अय्या, इथेच राहता की काय? मी म्हटलं, छे हो, गंमत म्हणून आलोय, हवा बदल. त्यांनी दोरीकडे बघितलं, मग बाकड्यावरच्या गादीकडे. आणि उगाच बदामी श्रीखंड घेतलं, गोड म्हणाल्या. खाल्लं नाही त्यांनी, मी बघत होते. त्यांचं पत्र माझ्याआधी रायपूरला पोचलं असेल तर पोचलं.

तर ऐक. क्वार्टर गेलं. दिवाळीनंतर लगेच खाली करून घेतलं. तुझी खोली, खिडकी, तू भिंतीवर काढलेला मोर, सगळ्याला महामंडळाचं कुलूप आहे. टपाल हरवतं म्हणून विजयाबाईंच्या पत्त्यावर लिही असं तुला सांगितलं, ते खोटं. त्यांच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रॉली उभी असते, आणि आम्ही तिच्यात. आबांना मिळालेले पैसे कशात गेले ते विचारू नकोस. आबा म्हणतात, पोरीला कळवा. मी म्हणायचे, मला मरू द्या आधी. पोट वाढवून लेक दारात यायची आणि मला दारच नाही, हे कुठल्या तोंडानं लिहू?

माझी आई क्वार्टरवर यायची तेव्हा घरून पाण्याचा तांब्या घेऊन यायची. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असं तिचं होतं. तांब्या रिकामा झाला की उठून चालू लागायची, भर उन्हातसुद्धा. मला इतका राग यायचा तिचा. आज कळतं, ती ताठ चालायची ती त्या तांब्याच्या जोरावर.

तू येऊ नकोस. आम्हीच येतो. रस्ता लांब आहे, पण चालत्या गाडीची मला काळजी नाही; गाडी ओढली जातेय तोवर बॅटरी भरते, चक्का गार राहतो, आबांचा पंखाही फिरतो. पंचाईत थांबल्यावर आहे. तुझी चाळीस दिवसांची अंघोळ, शेक, खाणं, सगळं मीच करणार, माझ्या स्टोव्हवर, माझ्या तुपात. ट्रॉली तुमच्या फाटकाबाहेर लावू, विहीणबाईंच्या अंगणात पाऊल टाकणार नाही. पण उभ्या गाडीत बॅटरी भरत नाही, आणि बाळाला उकडेल. म्हणून हे पत्र. जावईबापूंना एकटं गाठून विचार, सुधाताईंसमोर नको: तुमच्या व्हरांड्यातल्या प्लगमधून एक वायर बाहेर घेऊ द्याल का? रात्रीपुरती. पाणी मी माझं आणीन.

वायर जाड आणि लांब घेऊन ठेवलेली,
तुझीच आई