सनकोट घालून पोहणे

रावेत, मंगळवार

चि. दिव्या हिला मंजुषामावशीचे आशीर्वाद.

आशीर्वाद कुरिअरने आले म्हणून घाबरू नकोस. रावेत ते वाकड हे अंतर पत्र लिहिण्याइतकं नाही, हे मला कळतं. पण तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. (अंगठ्याला मी उत्तर मानत नाही.) तब्येत कशी आहे? उन्हातून आल्यावर लगेच फ्रीजमधलं पाणी पीत नाहीस ना? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझे काका पंख्याखाली आहेत, म्हणजे मार्चपासून तिथेच आहेत. माझा गुडघा तेवढा बरा नाही, आणि पुढचं सगळं त्या गुडघ्यामुळेच घडलं.

डॉक्टर म्हणाले, पोहा. आमच्या सोसायटीच्या तलावावर बायकांची वेळ सकाळी अकरा ते बारा. (पुरुषांना सहाची गार वेळ आणि बायकांना भाजायची. मी कमिटीला अर्ज दिला आहे.) पोहण्याचा पोशाख आणला, गुडघ्यापर्यंतचा, अगदी सभ्य. तो घालून आरशासमोर उभी राहिले आणि घोटाळा झाला. चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं मी माल तपासायचं काम केलं. डोळ्यांना सवय लागलेली. दंड, मापाबाहेर. पोट, मापाबाहेर. पोटऱ्या, फेरतपासणी. कंपनीत असते तर स्वतःला लाल चिठ्ठी लावून पुरवठादाराकडे परत पाठवलं असतं; पण पुरवठादार आता हयात नाहीत. तेव्हा स्कूटरवर घालायचा सनकोट, तो टोपी आणि हातमोजेवाला, वरून चढवला आणि गेले.

तिथे मोनिका नावाची मुलगी शिकवते. ती म्हणाली, "काकू, कोट काढा." मी म्हटलं, मला सर्दी आहे. "मग पाण्यात कशाला उतरताय?" आजकालच्या मुलींना उलट प्रश्न विचारायची फार खोड. तिला उत्तर द्यावं लागू नये म्हणून मी घाईने शिडीवरून पाण्यात उतरले. कोटात हवा भरली आणि तो तंबूसारखा फुगला. मला बुडता येईना, उभं राहता येईना. मी जागच्या जागी गोल फिरू लागले. बी.एस्सी.ला मी तरंगणाऱ्या वस्तूंचे नियम शिकले होते, पण तेव्हा वस्तू दुसरी होती.

टोपीला धरून मला काठाशी ओढलं ते गोजाबाईंनी. या बाई सत्तरीच्या. आमची सोसायटी उभी आहे ते वावर त्यांचंच, आणि तलाव आहे तिथे त्यांची विहीर होती. पोहायला त्या तिथेच शिकल्या. घेर माझ्या दुप्पट, आणि पाण्यात म्हशीसारख्या निवांत. मला म्हणाल्या, "अवो बाई, मे महिन्यात थंडी वाजतिया व्हय?" मी खरं काय ते सांगितलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "अंग हाय ते. सत्तर वरसं राबलंय. त्याला काय झाकायचं? आन् बगतंय कोन? हितं ज्येला त्येला सवताच्या प्वाटाची काळजी हाय!"

मी काठावर निथळत बसले. आतून घाम, बाहेरून पाणी. आणि दिव्या, तेव्हा मला तू आठवलीस.

आपल्या कुलदीपच्या लग्नात, हळदीला तू बिनबाह्यांचा पिवळा ब्लाउज घातला होतास. मी चौदा जणांसमोर म्हणाले, "दंड बघ केवढे झालेत, बाह्या तरी लावायच्यास!" लोक हसले. तूही हसलीस. त्यानंतर मी तुझं कोपर पाहिलेलं नाही. दोन रविवारांपूर्वी आमरसाला आलीस, सनकोट न काढता जेवायला बसलीस, गळ्यावरून घाम ओघळत होता आणि म्हणालीस, ऑफिसात एसी असतो म्हणून सवय झाली. आमच्या घरात एसी नाही, दिव्या. आणि आठ पुऱ्या खाणारी मुलगी दीड पुरीवर उठली.

तू सुंदर आहेस वगैरे मी लिहिणार नाही; ते तुझी आई रोज सांगते आणि तुला खरं वाटत नाही. मला माझ्या कामातलं तेवढं कळतं. मापाचं उपकरणच चुकीचं निघालं, तर त्याने नाकारलेला सगळा माल भंगारातून परत आणायचा, असा आमच्याकडे नियम होता. उपकरण चुकीचं होतं. मी शब्द परत घेते. माझं चुकलं. (हे वाक्य तुझ्या काकांना दाखवू नकोस, चौतीस वर्षं ते त्याची वाट पाहत आहेत.)

पोटभर जेव.

तुझी,
मंजुषामावशी

ता. क. : वरचं वाचून मी आता बिनकोटाची पोहते असं वाटेल. नाही. चार दिवस झाले, पाय पाण्यात सोडून काठावर बसते, कोटात. मोनिकाने विचारणं सोडलं आहे. शनिवारी अकराला तू येशील का? पाण्यात उतरायची सक्ती नाही. कुणीतरी घरचं शेजारी असलं तर मला कोट काढवेल, असं वाटतं.

आणखी एक : बोलले चौदा जणांसमोर, तेव्हा चूकही एकट्या तुझ्याजवळ कबूल करून भागणार नाही. या पत्राचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा आहे. तुझ्या काकांनी पाठीमागून वाचलंच; म्हणतात, निदान गोल फिरल्याचं गाळ. गाळणार नाही. तुला नको असेल तर तुझं नाव खोडीन. माझं राहील.