मोठ्या रोपांचा रस

बाबा, मोठं रोप रोगातून सुटत नाही. ते फक्त दाखवत नाही. हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं, ते राहिलं.

तुमच्या शेतकी कॉलेजचं काचघर मला आजही दिसतं. मी शेवटच्या वर्षाला, तुम्ही आमचे रोगशास्त्राचे प्राध्यापक, आणि वर्गात मीही तुम्हाला 'सर'च म्हणायचं हा तुमचा नियम. रोगट टोमॅटोची पानं खलात वाटायची, निरोगी पानांवर, ओरखडे पडून रस आत शिरावा म्हणून, बारीक खरखरीत भुकटी भुरभुरायची आणि तो रस बोटानं हलकेच चोळायचा. कोवळ्या रोपांवर आणि फुलावर आलेल्या मोठ्या रोपांवर, सारखाच. कोवळ्यांवर पिवळे-हिरवे चट्टे उठले, ती खुरटली. मोठी होती तशी उभी. तुम्ही सांगितलंत, "वय हीच ढाल. लहानपणी जपा, मोठं झालं की झाड आपलं आपण सोसतं." मी विचारलं, "सर, या मोठ्यांचा रस काढून कोवळ्यांवर चोळून बघू का? आत व्हायरस नाही कशावरून?" तुम्ही म्हणालात, "उगाच फाटे फोडू नकोस. डोळ्यांना दिसतंय ना?" वर्ग हसला.

त्याच उन्हाळ्यात आईनं अंथरूण धरलं. माझा एम.एस्सी.चा प्रवेश ठरलेला, धाकट्या भावाची बारावी. मी पोळ्या लाटतेय आणि तुम्ही पाटावर बसल्या बसल्या निकाल देताय, शिक्षण सोडून घरी मी थांबायचं. "त्याला या वयात धक्का बसला तर तो जन्मभर खुरटेल. तू मोठी आहेस. तुला काही होत नाही." मी तव्यावरची पोळी उलटली. माझ्यावर चट्टा उठला नाही, म्हणून तुम्ही निश्चिंत. आई गेली, मग माझं लग्न उरकलंत, आणि एम.एस्सी. हा शब्द त्या घरात पुन्हा कोणी काढला नाही. मला काय झालं हे तपासावं असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही. काचघरातही नाही, घरातही नाही.

तुम्ही गेल्यावर आम्ही शारजात आलो, रोल्ला भागात राहिलो. दोन हजार आठच्या मंदीत दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं नवऱ्याचं ऑफिस बंद झालं. त्याचा व्हिसा गेला की आम्ही सगळे परत, मुलीची शाळा अर्धवट. तेव्हा मी तुमच्या कॉलेजची ती जुनी पदवी बाहेर काढली आणि शहराबाहेरच्या एका भाजीच्या फार्मवर नोकरी धरली. व्हिसावर शिक्का पडला 'ॲग्रिकल्चरल इंजिनिअर', आणि खटपटी करून नवरा आणि मुलगी माझ्या व्हिसावर आली.

थोड्याच दिवसांत नव्या ग्रीनहाऊसमधली टोमॅटोची रोपं चट्टेरी होऊ लागली. मालकानं सांगून टाकलं, हा लॉट गेला तर फार्म बंद. म्हणजे माझी नोकरी आणि आमचा मुक्काम, दोन्ही. मॅनेजर मल्याळी, बोलणं हिंदीतून. तो बियाण्याला शिव्या देत होता. मी बघत होते की मजूर सकाळी जुन्या ग्रीनहाऊसमध्ये फांद्या छाटतात आणि त्याच हातांनी, त्याच चाकूंनी नव्यात शिरतात. मी म्हटलं, जुनी झाडं उपटा. तो हसला. "मॅडम, वो तो फर्स्ट क्लास है! फल देखो, हबीबी लोग लाइन लगाके लेते हैं. आप बीमार को छोड़के पहलवान को मारेंगे?"

मग मी रोल्लाच्या दुकानातून मसाल्याचा खल आणला. त्या पहिलवानांची पानं वाटली आणि फार्मपासून लांब, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, निरोगी कोवळ्या रोपांवर रस चोळला. शेजारच्या कुंड्यांतल्या रोपांवर नुसतं पाणी. दीडेक आठवड्यानं मुलगी डबा भरून घेताना म्हणाली, "मम्मा, दीज वन्स आर सिक." पाण्याची रोपं स्वच्छ होती. रसाची सगळी चट्टेरी.

मी कुंड्या मालकासमोर नेऊन ठेवल्या. त्यानं एकेक कुंडी उचलून बघितली आणि जुन्या ग्रीनहाऊसकडे हात करत म्हणाला, "खलास." फळांनी लगडलेली जुनी झाडं उपटून जाळली. मजुरांना साबणानं हात धुतल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम मी घातला आणि दारात उभी राहून पाळायला लावला. चट्टेरी रोपं काढली, उरलेला लॉट वाचला. मुलगी त्याच शाळेतून पास झाली. नवरा पुढे अबुधाबीला नोकरीला लागला.

बाबा, त्या दिवशी मॅनेजर माझ्यामागे गाडीपर्यंत आला. "मॅडम, ये टेस्ट किसने सिखाया?" तुम्ही ती करू दिली नव्हतीत, हे वाक्य तयार होतं. इतकी वर्षं तयार होतं. मी म्हटलं, "मेरे पिताजी ने. कॉलेज में प्रोफेसर थे." तो म्हणाला, "तभी तो." मी गाडीत बसले. तो अजून सगळ्यांना तुमचं कौतुक सांगतो. मी एकदाही त्याला अडवलेलं नाही.