हुकवरचा भार

आई,

त्या शनिवारी बाबांनी बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून कुकरपासून तांदळापर्यंत सगळं तोललं होतं. पर्थला गाडीमागे जोडायच्या कॅरावॅनमध्ये पुढे काय ठेवायचं, मागे काय, ते ठरत होतं. शेवटी त्यांनी तुलाही काट्यावर बोलावलं. "अहो, मी काय सामान आहे? मी पुढे तुमच्या शेजारी बसणार," तू म्हणालीस. ते केवढे हसले! रविवारी दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

मी आज ठरल्याप्रमाणे तुझ्याआधी पर्थला निघतेय. कॅरावॅनवाला देत होता ती गाडी मी बदलून घेतली. ती कॅरावॅन ओढेल, पण कॅरावॅनचं पुढचं टोक गाडीच्या मागच्या हुकवर टेकतं, तो भार तिला झेपणार नाही. बाबा म्हणायचे, गाडी किती ओढते ते सगळे विचारतात, हुकवर किती पेलते ते कुणी विचारत नाही. आता ते नाहीत, तेवढी गाडी हलकी होईल. हुकवरचा भार मात्र तेवढाच राहील.

वरण फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव. शुक्रवारचं तुझं तिकीट मी रद्द केलेलं नाही. चांगी विमानतळावर जायची टॅक्सी सांगून ठेवली आहे. काल तू येणार नाही म्हणालीस आणि मी नेहमीसारखं "बरं" म्हटलं.

आत्ता तुझ्या दाराशी उभी राहून मोठ्याने बोलले, पण तुला गाढ झोप लागली होती. म्हणून लिहिते : आई, मला हे एकटीला पेलवत नाही. तू ये.

अनघा