गड्याच्या तोंडचं वाक्य

आबा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली आणि या महिन्यात मी तुमच्याशी रोज भांडतो आहे. कारण तो इंग्रजी सिनेमा. परग्रहावरचे लोक तबकडीतून शेतात उतरतात आणि गावं ताब्यात घेत सुटतात, तो. आम्ही तो पुन्हा काढला, मराठीत, आपल्याकडच्या रानात. भिगवणचा माझा मित्र लग्नांचं शूटिंग करतो, त्याचा व्हिडिओ कॅमेरा, कॉलेजची दहा-बारा मुलं, आणि सगळं लिहिणारा-सांगणारा मी, बारामतीत फिजिक्स शिकवणारा तुमचा मुलगा.

मूळ सिनेमा मी लहानपणी एकदाच पाहिला होता, कळसच्या जत्रेत, ज्या तंबूत तुम्ही मशीन चालवायचात तिथे. इंग्रजी खेळ असला की रीळ लावून तुम्ही माइक हातात घ्यायचात आणि पडद्यावरचे लोक काय बोलतात ते मराठीत सांगायचात. तबकडी सगळ्यांच्या आधी दिसते ती शेतावरच्या एका काळ्या गड्याला. तो मालकाकडे धावत येतो, तोंड उघडतो, आणि कर्ण्यातून तुमचा आवाज येतो, "मालक, आभाळातनं ताट आलंय, पर भाकरी न्हाय हो त्यात." पुढच्या खुर्च्या हसल्या. मागे जमिनीवर बसलेले आपले लोकही हसले. तो गडी जितक्या वेळा बोलायला गेला तितक्या वेळा तुम्ही त्याला भूक लावलीत, आणि बोली दिलीत ती आपल्या वस्तीची. मालक मात्र तुमच्या तोंडून पुस्तकातल्यासारखं बोलत होता. शेवटी गडी कडब्यात शिरतो, तो भिऊन लपून बसला, असं तुम्ही सांगितलंत.

संवाद लिहायला बसण्याआधी मी व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणली. आता मला इंग्रजी कळतं. भाकरीच्या जागेवर तो गडी म्हणतो, "मी तीन वेळा सांगितलं. माझं ऐकायची तुम्हाला सवय नाही." एवढंच. आणि कडब्यात तो लपत नाही. तिथे अडकलेल्या मालकाच्या मुलांना बाहेर काढतो आणि तिथेच मरतो. मी कॅसेट मागे घेऊन घेऊन ते ऐकत होतो. ज्या बापाने धर्मांतराच्या वेळी घरातले देव नेऊन नदीत सोडले त्याचा तुम्ही मुलगा. कुणापुढे मान खाली घालायची नाही, हे मला शिकवणारे तुम्ही. साऱ्या गावाने ऐकावं असा माइक तुमच्या एकट्याच्या हातात होता, आणि तुम्ही त्यावर हे केलंत.

शूटिंगला रान दिलं शेळगावच्या एका बागाईतदाराने. उसाचा रस उकळायची गुऱ्हाळाची मोठी काहीलही दिली. ती पालथी घालून चार बांबूंवर चढवली आणि तबकडी झाली. तुमच्या त्या खेळाला तंबूत हा बागाईतदार पुढच्या खुर्चीत होता. मुलांच्या हातातले कागद त्याने पाहिले आणि म्हणाला, "सर, भाकरीचं कुठं गेलं?"

"मूळ सिनेमात ते नाही, तात्या."

"कसं न्हाय? म्या सोता ऐकलंय. तुमच्या आबानं काय हसवलं व्हतं राव, पोट धरून. ते काढलं तर हितं काहिलीशिवाय बघाय हाय काय?"

गावाला सिनेमा आठवतच नाही, आबा. तुम्ही आठवता.

तरी न्याय म्हणून मी स्वतःला विचारलं, तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर? अंदाजाने जोडलं असेल तर? म्हणून तंबूच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या तुमच्या जोडीदाराला भेटायला डाळजला गेलो. त्याचा हायवेला चहाचा गाडा आहे. तो म्हणाला, "त्याला समदं कळायचं. पयल्या खेळाला त्यानं जसंच्या तसं सांगितलं की. म्होरली चार मानसं उठून गेली. तंबूवाला म्हनला, उद्या हसव, न्हायतर घरी बस. दुसऱ्या खेळाला तू आलास बग."

मला वाटलं होतं हे ऐकून राग उतरेल. उतरला नाही, फक्त जागा बदलली. तुम्हाला घरी बसवलं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं, हे मला कळतं. पण स्वयंपाकघरातला तो दिवस? आई भाकऱ्या थापते आहे, मी कमरेत वाकून तुमच्या गड्याची नक्कल करतो आहे, आई हसून हसून डोळे पुसते आहे. तुम्ही दारातून आत येता आणि ओरडता, "गप. परत ती नक्कल केलीस तर याद राख." जेवण टाकून बाहेर जाता. मला वाटलं, माझी नक्कल चुकली. तिथे तंबूवाला नव्हता, आबा. खुर्च्या नव्हत्या. आम्ही दोघंच होतो. तिथे एक वाक्य सांगायला तुम्हाला कोण अडवत होतं?

मी गड्याचं खरं वाक्य ठेवलं. परवा शाळेच्या वर्गात खिडक्यांना चादरी लावून, टीव्हीवर सिनेमा दाखवला. ते वाक्य आलं तेव्हा कुणी हसलं नाही. बागाईतदार "चालू द्या" म्हणून उठला. मी ताठ बसून राहिलो. पण खरं सांगायचं तर मला काय धोका होता? फार तर पुढच्या वेळी रान मिळणार नाही.

आणि एक राहिलं. तुम्ही रागावल्यावर मी नक्कल सोडली नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला केली, बक्षीस मिळालं. स्टाफरूममध्ये केली. गेली पाच वर्षं माझी मुलगी जेवत नसली की ताटापुढे करतो. परवा सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, "पप्पा, यातला गडी भाकरीचं का नाही म्हणाला?" सगळे ऐकत होते. मी म्हणालो, साउंड नीट लागला नव्हता. घरी आल्यावर आम्ही दोघंच होतो, आणि तिने पुन्हा विचारलं. तेव्हाही मी तेच सांगितलं.