मामांचा कान आणि तापणारा डबा

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्ष वाकणं जमणार नाही). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी बरी आहे ना? आणि कान? कानाचं मुद्दाम विचारते, कारण तुमच्या कानापायीच माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

मामी बोलायला लागली की नेमकी श्रवणयंत्राची बॅटरी संपते, अशी तुमची दर फोनला कुरकुर. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात कमी वीज खाणारी चिप करायला घेतली. नेहमीची चिप दर हिशेबाला वीज भरते आणि काम झालं की ओतून देते. तिची नुसती उष्णता होते. आमच्या चिपमध्ये वीज हळूहळू चढवायची, हळूहळू उतरवायची आणि उतरताना बरीचशी परत घ्यायची. याला म्हणतात अ‍ॅडियाबॅटिक लॉजिक. (आमच्या साहेबांना लिफ्टचं दार उघडायच्या आधीच आत शिरायचं असतं. त्यांना ‘हळूहळू’ हा शब्द पटवताना माझ्या नाकी नऊ आले.)

चिप झाली. मोजणी आमच्या मीटरवाल्याकडे. बचतीचा आकडा असा झकास आला, की साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आता ही वीज चढवायला-उतरवायला चिपशेजारी एक डबा लागतो. तो इतका छान तापायचा, की आम्ही सगळे त्यावर चहाचे कप ठेवायचो. मामा, खोलीभर इंजिनियर! वीज वाया गेली की उष्णता होते, हे सांगण्यावर आमची पोटं चालतात, आणि एकाच्याही डोक्यात येऊ नये, की हा चहा गरम राहतोय कशावर? मीटर लावला होता फक्त चिपला. डबा दुसऱ्या प्लगवरून खुशाल वीज ढोसत होता.

मग श्रवणयंत्राच्या कंपनीतल्या बाई पाहणीला आल्या. साहेबांनी कौतुकानं त्यांचाही कप डब्यावर ठेवला. बाईंनी डब्याला हात लावला आणि विचारलं, “हाही कानातच बसवायचा का?” साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी मीटरवाल्याकडे, मीटरवाला छताकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी डबा काढला, त्याचं काम करायला चिपलाच एवढीशी कॉइल बसवली आणि सगळ्याला मिळून मीटर लावला. बचत आधीच्या फुशारकीच्या मानानं चिमूटभर, पण खरी. चहा आता गार होतो आणि मी तो अभिमानानं पिते. बाईंनी शेवटची संधी दिली आहे: खऱ्या माणसाच्या कानात दिवसभर चालवून दाखवा. नाही चाललं तर आमचा विभाग बंद, आणि मी वॉशिंग मशीनच्या बटणांवर. मला खरंच रडू येतंय, मामा.

तुमची,
पार वैतागलेली भाची

ता. क. : तो कान तुमचा. सोमवारी सकाळी या. गुडघ्याची सबब चालणार नाही, गाडी पाठवते.

ता. क. : तुमच्या ‘संपलेल्या’ बॅटऱ्या मामीनं माझ्याकडे पाठवल्या होत्या. मीटरवाल्यानं तपासल्या (या वेळी नीट). सगळ्या भरलेल्या! म्हणजे मी इतका जीव काढला तो कशासाठी?

ता. क. : नव्या यंत्राला बंद करायचं बटण ठेवलेलं नाही. चाचणीला दिवसभर कुणीतरी बोलत राहायला हवं, म्हणून मामीलाही बोलावलंय. तिनं लगेच होकार दिला. बरंच साठलंय म्हणाली.