लाक्षणिक पाणी

१७ मार्च, रविवार

आज चर्चमध्ये उपासनेनंतरच्या बैठकीत मी जिंकलो. पाळकांनी विषय काढला – येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून २८ तारखेच्या गुरुवारी आपण खरोखर एकमेकांचे पाय धुवायचे का? निवृत्त नर्सबाई लगेच म्हणाल्या, "धुवा असं लिहिलंय तर धुवायचे. आणि घरातल्यांनी घरातल्यांचे आधी."

मग मी उठलो. म्हणालो, वचनाचं टरफल धरून बसू नये, आतला गर घ्यावा. पाय धुणं म्हणजे नम्रता, म्हणजे सेवा. शास्त्र लाक्षणिक अर्थानं वाचायला शिकलं पाहिजे. डोळा काढून टाक असंही लिहिलंय, कुणी काढला का? लोक हसले, माना डोलावल्या. ठरलं असं, की पुढे नुसता टब आणि टॉवेल ठेवायचा. रिकामा टब!

घरी आलो. बायकोनं आल्या आल्या गॅस पेटवला आणि म्हणाली, "छान बोललात. आता बाबांसाठी लाक्षणिक पाणी तापवते."

१८ मार्च

खरं लिहितो. मला आतल्या गराचं काही पडलेलं नव्हतं. नर्सबाई 'घरातल्यांचे' म्हणाल्या, म्हणून मी उठलो. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचे पाय रोज सकाळी बायको धुते. मी एकदाही नाही. हात लावायची कल्पनाही सहन होत नाही.

आणि धंदा काय, तर चपला-बुटांचं दुकान! दिवसभर लोकांच्या पायाशी बसतो.

२० मार्च

मेहुणीचं ऑपरेशन. बायको आठवडाभर तिकडे. जाताना म्हणाली, "अहो, बोटांच्या मधे नीट कोरडं करा. आणि टाचा बघा रोज."

बाबांना भरवलं, कपडे बदलले. पाय राहिले. मोजे घालून टाकले वरून.

२१ मार्च

दुकानात एक आजोबा आले. पाय सुजलेले, नखं वाढलेली. त्यांचा पाय मांडीवर घेतला, माप घेतलं. "पुढे दाबतंय का? जरा चालून बघा." किती गोड बोलतो मी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

घरी आलो. मोजे तसेच ठेवले.

२२ मार्च

बाबा कण्हत होते म्हणून मोजा काढला. टाच लालभडक, मधे काळा डाग. गादीवर घासून घासून. बूट घातलेल्या माणसाची चाल बघून मी सांगतो टाच कुठे लागते ते. आणि इथे, माझ्याच घरात!

नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी पट्टी बांधली, टाचेखाली उशी दिली. फक्त एवढंच म्हणाल्या, "वेळेवर पाहिलं असतं तर इतकं झालं नसतं." बैठकीतलं माझं भाषण त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना चहासुद्धा विचारायचं सुचलं नाही मला.

२३ मार्च

कोमट पाणी घेऊन बसलो. बऱ्या पायाला हात लावताच बाबांनी तो आखडून घेतला. "नको." आजारानंतर त्यांच्याकडे मोजकेच शब्द उरलेत, त्यातला हा एक. मला हायसं वाटलं. लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

बाबा सगळं शब्दशः वाचायचे. लिहिलंय ते लिहिलंय! मुलाला छडी द्यावी असं लिहिलंय, म्हणून दारामागे छडी असायची. मारायचे तळपायावर. वळ शाळेत दिसत नाहीत म्हणून. मी मोठा झालो आणि ठरवलं, छडी म्हणजे शिस्त, खरी छडी नव्हेच. त्या अर्थानं मला वाचवलं. अजूनही तो मला बरोबरच वाटतो. पण गेल्या रविवारी मी त्याच्याच आड लपलो.

संध्याकाळी बायकोला फोन केला. म्हटलं, ते हात लावू देत नाहीत, मी तरी काय करू?  ती म्हणाली, "ते मागेच म्हणाले होते मला. तोडकंमोडकं. 'त्याला नको सांगूस पाय धुवायला. त्याच्या तळव्यांवर मी…' एवढंच बोलले. मग रडले."

इतके दिवस मला वाटत होतं, लांब फक्त मी राहतोय.

२४ मार्च, रविवार

पाळकांना गाठून सांगितलं, माझं त्या दिवशीचं बोलणं खोटं होतं. ते म्हणाले, "अर्थ तर बरोबर होता." म्हटलं, अर्थ बरोबर होता हो, सांगणारा पळपुटा होता. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मान वर करवेना.

२५ मार्च

आज धुतले. पट्टीचा पाय ओल्या फडक्यानं पुसला, दुसरा टबात. बाबांनी दोनदा आखडला, मी दोनदा पुन्हा धरला. किळस आली, खोटं कशाला लिहू. बोटांच्या मधे कोरडं केलं. बाबा सगळा वेळ भिंतीकडे बघत होते. तळवे किती मऊ झालेत त्यांचे, चालणंच नाही ना.

२६ मार्च

आज पाणी घेऊन गेलो तर बाबांनी डाव्या हातानं टॉवेल ओढून घेतला, स्वतःच्या मांडीवर पसरला आणि त्यावर थोपटलं. मला कळेना. त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. स्टूल ओढून समोर बसलो. त्यांनी एका हातानं फडकं भिजवलं आणि माझे तळवे धुतले, हळूहळू, दोन्ही. मी नको म्हणालो नाही.