बाबांचा टॉवर

बिबवेवाडी, पुणे

प्रिय अभिनव,

पुण्यातून पुण्यातच टपालाने पत्र आलेलं बघून तुला वाटेल, ताईला वेड लागलं. लागलेलं नाही. बिबवेवाडीहून बाणेर म्हणजे काही अमेरिका नव्हे, हे मलाही कळतं. रिक्षा केली तर तासाभरात तुझ्या दारात उभी राहीन. पण मागच्या खेपेला तुमच्या वॉचमनने मला दारापर्यंत येऊच दिलं नाही, आणि तू वरून इंटरकॉमवर म्हणालास की मीटिंग चालू आहे, नवा नंबर एसएमएस करतो. तो एसएमएस अजून वाटेतच असावा. इंजिनिअरिंगची चार वर्षं आमच्या एका खोलीत आमच्याच ताटात जेवलास, हे मी काढणार नव्हते. काढलं, आता राहू दे. पत्र शेवटपर्यंत वाच म्हणजे झालं.

तुला आठवत नसेल, कारण बोलणारा विसरतो आणि ऐकणारा जपून ठेवतो. नोकरी लागल्यावर तुझं बोलणं कमी झालं. आई गेल्यावर बाबा बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन एसटीडीवरून तुला फोन लावायचे, ते तुला ऑफिसात अवघड व्हायचं. एकदा तू म्हणालास, काय करणार बाबा, आपल्या गावात रेंजच नाही, टॉवर असता तर रोज बोललो असतो. अरे, असं आपण सगळेच बोलतो. निघालेल्या पाहुण्याला ‘राहा की दोन दिवस’ म्हणतो, तसं. पुण्यातला माणूस ते ऐकून चपला घालतो. आपला बाप वाशीमकडचा. तो राहिला.

कंपनीची माणसं टॉवरसाठी जागा बघायला आली तेव्हा गावात कुणी उभं करेना. टॉवरने म्हशी गाभडतात, तुरीचा फुलोरा गळतो, काय काय उठवलं होतं लोकांनी. माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा तोंड न उघडलेला आपला बाप ग्रामसभेत उठून उभा राहिला आणि म्हणाला, माझा विहिरीजवळचा तुकडा घ्या. भाडं काय हवं ते विचारलं तर म्हणाले, आधी टॉवर उभा करा. त्याच महिन्यात धोंडिबाकाकांची म्हैस गाभडली. झालं! बाबांचा लहानपणापासूनचा हा एकच मित्र, संध्याकाळी पारावर याच्याशिवाय कुणाशी बोलायचे नाहीत. त्याने बोलणं टाकलं ते टाकलंच. मी फोनवर म्हटलं, कशाला हा उपद्व्याप? तर मलाच समजावत होते, अगं, अभिनव रोज बोलणार ना आता, मग धोंडिबाचं काय घेऊन बसलीस.

टॉवर सुरू झाला त्या दिवशी बाबांनी धुतलेलं धोतर नेसून टॉवरच्या पायाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तुझ्या भाऊजींचा जुना मोबाईल मी पाठवला होता, त्यावरून पहिला फोन तुला. सगळा गाव गोळा झालेला. तू म्हणालास, कोण? हां हां बाबा, नंतर करतो. एवढंच. बाबांनी त्यावर पेढे वाटले. म्हणे, पोरगं कामात होतं तरी उचलला त्याने.

मग तुझा ‘नंतर’ सुरू झाला. बाबा मोबाईल बंडीच्या खिशात घालून हिंडायचे, मोरीत जाताना शेजारच्या दुर्गाबाईच्या हातात द्यायचे. पुढे तू नंबर बदललास. बाबांनी मला सांगितलं, एक बाई बोलते, म्हणते हा नंबर अस्तित्वात नाही, तिला विचार बरं पोरगा कुठं आहे. तेव्हाच मी बाणेरला आले होते. परत आल्यावर बाबांपासून मी काही लपवून ठेवलं नाही. म्हटलं, त्याला तुमच्याशी बोलायचंच नाहीये, बाबा. ते माझ्यावरच चिडले. पोरगं तसं नाही, टॉवरच बिघडला असेल. मला तेव्हा तुझा राग नाही आला अभिनव, किळस आली.

त्यानंतर जनरेटरमध्ये डिझेल भरायला येणाऱ्या बद्रीनाथचं डोकं खाणं सुरू झालं. माह्या पोराचा फोन काहून येत नाही? बद्रीनाथने मोबाईल घेऊन रेंजच्या काड्या दाखवल्या, पूर्ण भरलेल्या. बाबांना पटेना. धोंडिबाकाकांच्या पोराचा नागपूरहून रोज फोन येतो, मग तुझाच का येत नाही? (ज्याची म्हैस गाभडली त्यालाच टॉवर फळला, बघ.) रोज खाली उभं राहून वर बघता बघता बाबांना उत्तर सापडलं. टॉवरवरच्या मोठ्या गोल डब्याचं तोंड नागपूरकडे आहे. मग पुण्याचा फोन येणार कुठून? बद्रीनाथला म्हणाले, तेवढा डबा पुण्याकडे वळवून दे. तो हसला, त्याने गावात सांगितलं, गावही हसलं. तुलाही हसू येत असेल. तुझी कंपनी तर मोबाईलवाल्यांचीच सॉफ्टवेअरं लिहिते. हस, लाजू नकोस.

पण डबा वळवायचं त्यांना शिकवलं कुणी, सांगू? रविवारी दूरदर्शनवर मुंग्या आल्या की बाबा पत्र्यावर चढून अँटेनाचा पाइप फिरवायचे आणि तू खालून ओरडायचास, अजून थोडं, अजून, आलं, आलं! हात सोडला की चित्र जायचं, म्हणून तुझी मालिका संपेपर्यंत तसेच पाइप धरून उन्हात उभे राहायचे. त्यांच्या लेखी विज्ञान एवढंच. चित्र येत नसेल तर चढायचं आणि वळवायचं.

तर बाबा चढले. भरदुपारी, गाव जेवून कलंडलेलं असताना, धोतराचा काचा मारून. दुर्गाबाईने अंगणातून पाहिलं, ओरडली, पण ते बरेच वर गेले होते. मोबाईल बंडीत होता, तो फुटलासुद्धा नाही. माणूस राहिला नाही. अग्नी मी दिला. भावकीतले रामदासकाका कुरकुरले की मुलगा असताना लेकीने कसा द्यायचा, तेव्हा मी सांगितलं, अभिनवला कळवतेय, पण तो रेंजमध्ये नाही. गावाला लगेच पटलं. खोटं बोलले, तुला कळवायचं असतं तर भाऊजींनी मार्केट यार्डातून मोटरसायकल काढून तुला उठवून आणलं असतं. कळवायचं नाही हे मी ठरवलं. का, तर तू आला असतास. पांढरे कपडे घालून आला असतास, टॉवरखाली रडला असतास, आणि गावाने तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता. ते मला बघवलं नसतं. तेराव्याला धोंडिबाकाका आले, जेवले नाहीत, नुसते बसून राहिले. काल मंडईत निकिता भेटली. साधी पोर आहे तुझी बायको. विचारत होती, अहो ताई, गावाला टॉवर कधी येतोय, हे म्हणतात तो आला की बाबांशी रोज बोलणार. मी म्हटलं, येईल गं, आणि पाव किलो मटार जास्तच घेतले. घरी आले आणि हे लिहायला बसले. बाबा गेले, हे तुला सांगायचं होतं. पत्र साध्या टपालाने टाकतेय. घाईचं आता काही राहिलेलं नाही.

नाइलाजाने तुझीच,
राधाताई